अनोळखी भाजी

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस. आपल्या घरातून पत्र जायची सवय कधीच मोडली, ते मला ठाऊक आहे. पण तुझा फोन आला की आई समोरच्या खुर्चीत बसलेली असते, आणि तू काय विचारलंस ते माझ्या तोंडावर वाचते. म्हणून आज दुकानात येऊन बसलोय. तुझा काका पुढे गिऱ्हाइकं सांभाळतोय आणि मी मागच्या बाजूला, चष्म्याच्या काचा घासायच्या यंत्राशेजारी कागद पसरून लिहितोय. अक्षर थरथरलेलं दिसलं तर यंत्राला बोल लाव, मला नको.

गेले काही महिने तू मला बल्लवाचार्य म्हणतेस. मी पाठवलेले भाज्यांचे फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवतेस, म्हणतेस, ज्या माणसाला चहात साखर किती घालायची ते बायकोला विचारावं लागायचं तो आता लीक काय परततो, सेलरी काय चिरतो. म्हातारपणी बाबांना नवं खूळ लागलं म्हणून तू हसतेस आणि मीही फोनवर तुझ्याबरोबर हसतो. ठकू, खूळ नाही गं ते. आई जेवत नाही, म्हणून मी नव्या भाज्या शोधत हिंडतोय.

आईचे उपचार नीट चाललेत असं आम्ही तुला सांगितलं, ते खोटं नाही. पण त्या औषधानं तिची जीभ पार फिरली, ते सांगितलं नाही. पाणीसुद्धा तिला तोंडात नाणं धरल्यासारखं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, असं होतं, कदाचित चव परत येईल, कधी ते सांगता येत नाही. मात्र वजन आणखी उतरलं तर पुढचं औषध देता येणार नाही, हे त्यांनी अगदी स्वच्छ सांगितलं. तेव्हापासून मी फक्त एकाच गोष्टीच्या मागे आहे. तिच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे.

सुरुवातीला मी कुणीही केलं असतं तेच केलं. तिच्या आवडीचं रांधायला घेतलं. आयुष्यभर मला स्वयंपाकघरात फक्त बरण्यांची घट्ट झाकणं उघडायला बोलावणारी तुझी आई दारात स्टूल टाकून बसली आणि तिनं सांगावं तसा मी बटाटा केला. खरं सांगतो, वाईट झाला नव्हता. तिनं एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि ताटली बाजूला सारली. म्हणाली, "अहो, हा बटाटा नाही. बटाट्याचं सोंग आहे." मग गाजर झालं, मटार झाले, टोमॅटो झाला. जितकी भाजी ओळखीची तितकी ती जास्त बिघडलेली. कोबीच्या वेळी तर ती रडली. साध्या कोबीसाठी कुणी रडताना मी पाहिलं नव्हतं. मी आपला उभा, हातात झारा. शेवटी गॅस बंद करायला गेलो, तर तो आधीच बंद होता.

मग एक दिवस भाजीवालीनं माझ्या पिशवीत एक फिकट हिरवा गोळा टाकला. अंगाला चहूबाजूंनी देठ फुटलेले. नवलकोल म्हणे. कुणी घेत नव्हतं म्हणून तिनं तो माझ्या गळ्यात मारला. कसा करायचा ते विचारलं तर म्हणाली, मी विकते, खात नाही. घरी आणून ओट्यावर ठेवला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. कुठून चिरायचा तेच समजेना. साल जाडजूड सोलली, पातळ चकत्या केल्या, थोडं तेल, मीठ, पाण्याचा हबका आणि वर झाकण. बाकी काही घालायचं मला सुचलंच नाही. आणि ठकू, आईनं वाटी संपवली. मी घाबरत घाबरत विचारलं, कसा लागला? तर ती म्हणाली, "मला काय माहीत तो कसा लागायला हवा? असाच लागत असेल."

त्या एका वाक्यावर माझी गाडी चालू झाली. जी भाजी तिनं जन्मात खाल्लेली नाही, ती बिघडलीय हे तिला कळायचं कसं? आठवणच नाही तर तुलना कशाशी करणार? मला आपण केवढा शोध लावला असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मंडईचं ते टोक गाठलं जिथे मी कधी वळत नसे. तिथून ॲस्परॅगसचे कोंब आणले. ते चिरायचे नसतात, दोन्ही टोकं धरून वाकवायचे, जिथे आपोआप मोडतील तिथून खालचं टाकून द्यायचं. उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून काढले, वर लिंबू पिळलं. आईला ते मोडण्याचा आवाज आवडला. लीक आणली तेव्हा मला वाटलं, ही कांद्याच्या पातीची थोराड बहीण, चिरली की झालं. आत पापुद्र्यापापुद्र्यात माती असते हे कुणाला ठाऊक! पहिल्या घासाला दोघांच्याही दाताखाली कचकच. आई म्हणाली, निदान ही चव तरी नक्की कशाची ते कळतंय. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. आता मी लीक उभी चिरतो, नळाखाली धरून पापुद्रे सुटे करून धुतो आणि मंद आचेवर लोण्यात मऊ होईपर्यंत ठेवतो. कमळाच्या कळीसारख्या त्या आर्टिचोकचं तर विचारूच नकोस. अर्धा दिवस उकडून तो मी सगळाच्या सगळा चिरून वाढला, आतल्या केसाळ भागासकट. नंतर कळलं की पाकळ्या उपटून त्यांच्या बुडाचा गर दातांनी ओढून खायचा असतो. दुसऱ्या खेपेला तसा खाल्ला. आई म्हणाली, एवढ्या मेहनतीला एवढंसं खाणं, तुमच्या दुकानासारखंच.

दुकानावरून आठवलं. मी तिला जेवण वाढतोही चष्म्याच्या दुकानदारासारखाच. तू लहानपणी कोपऱ्यातल्या बाकावर बसून मजा बघायचीस ना, मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचो, पहिलं बरं की दुसरं? तशा दोन वाट्या ठेवतो. एकीत नुसती वाफवलेली, दुसरीत तव्यावर डाग पडेपर्यंत भाजलेली. पहिलं बरं की दुसरं? ती डोळे मिटून चाखते, सांगते, आणि मी उरलेली भाजी त्याप्रमाणे करतो. बडीशेपेचा कंद भाजलेला बरा ठरला. बीटची पानं वाफवलेली. सेलरी कशीच नाही. असं आमचं बरं चाललं होतं. तुला फोटो गेले ते याच दिवसांतले.

फोटोत एकच भाजी दोनदा का दिसत नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? कारण नवी भाजी फार काळ नवी राहत नाही. चार-पाच खेपांत जीभ तिला ओळखायला लागते, आणि एकदा ओळख झाली की संपलं. नवलकोल संपला. कोंब संपले. सुपारीएवढाले छोटे कोबी मिळतात, ते अर्धे करून, चिरलेली बाजू तव्याला लावून छान खरपूस केले होते. तिनं वासावरूनच ओळखलं. म्हणाली, मोठा नको म्हटला म्हणून लहान करून आणलात होय. आधी एखादी भाजी आठवडाभर पुरायची. मग दोन जेवणं. आता पहिलीच वाटी अर्धी राहते.

गेल्या आठवड्यात झुकिनीच्या दोन वाट्या ठेवल्या. पहिलं बरं की दुसरं? ती म्हणाली, "दोन्ही सारखंच." आणि बघ माणसाची सवय कशी असते! आमच्या धंद्यात गिऱ्हाईक असं म्हणालं की नंबर बरोबर सापडला, काम झालं. माझा हात आपोआप वाट्या उचलायला पुढे गेला, मनात हायसंही वाटलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काहीच लागत नव्हतं, ना पहिल्यात ना दुसऱ्यात. मी वाट्या घेऊन आत गेलो आणि उगाच बराच वेळ धूत बसलो.

टाकवत नाही म्हणून उरलेलं सगळं मी खातो. तिचं उतरलेलं वजन माझ्या पोटावर येऊन बसलंय. पॅन्टचा हूक लागत नाही. हे काढून तिला देता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

काल मंडईत भाजीवालीनं मला लांबूनच बघून मान हलवली. म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे तुम्ही न नेलेलं नवं काही नाही." मी सगळी रांग पुन्हा फिरलो. चुकून राहिलं असेल काही, असं वाटलं. नवं काही राहिलं नव्हतं. सगळ्या भाज्या ओळखीच्या. रिकामी पिशवी घेऊन मी तिथेच एका ओट्यावर बसलो, आणि खरंच सांगतो, उठून कुठल्या बाजूला जावं ते मला कळेना. चष्म्याचा नंबर काढता काढता सगळी भिंगं संपली आणि गिऱ्हाइकाला अजून दिसत नाही, असं मला कधी झालं नव्हतं.

तू प्रत्येक फोनला विचारतेस, मी येऊ का? आणि समोरच्या खुर्चीतून आई हातानं नको नको करते. मी म्हणतो, अगं कशाला रजा घालवतेस, आम्ही मजेत आहोत. मला वाटायचं, तिला तुझ्यापुढे बारीक झालेलं दिसायचं नाही. काल मंडईतून हात हलवत आलो तेव्हा न राहवून विचारलंच, ठकूला का येऊ देत नाहीस? तिनं माझ्या हातातली रिकामी पिशवी घेऊन तिची घडी घातली. मग म्हणाली, "ती आली की आधी वांगं भाजायला ठेवील. मी शिकवलंय तिला. ते तोंडात घातल्यावर मी कुठलं तोंड करू?"

ठकू, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या महिन्यांत आम्ही घरातली, बाजारातली एकूण एक भाजी करून पाहिली, पण वांगं नाही. मी दोनदा आणायला निघालो, दोन्ही वेळा तिनं काहीतरी निमित्त काढलं. किडकं असतं म्हणे. मला आठवतंय, तू स्टुलावर उभी असायचीस, आचेवर वांगं तडतडायचं, आई ते जळकं साल बोटांनी ओढून काढायची आणि तुलाही काढायला लावायची. तू बोटं फुंकत नाचायचीस. मग पहिला घास तुला, मीठ बरोबर आहे का ते सांगायला. आहे असंच तू नेहमी सांगायचीस, मीठ घातलेलं नसलं तरी. ते एक तिनं जिभेपासून लपवून ठेवलंय. बाकी सगळं गेलं, तेवढं एक अजून तिला जसंच्या तसं लागतंय, मनात. म्हणून तिला तू नको आहेस. आणि तूच हवी आहेस. रोज फोन ठेवल्यावर ती मला विचारते, आवाज कसा वाटला हो तिचा? स्वतः ऐकलेला असतो तरी.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. आज सकाळी तिनं दोन घास खाल्ले आणि पुरे म्हणाली. येत्या आठवड्यात वजन करायला जायचं आहे. तू ये. आईला न विचारता मी तुला बोलावतोय, ती माझ्यावर चिडेल, चिडू दे, त्या निमित्तानं अंगात थोडं बळ तरी येईल. पण आलीस की वांग्याचं नाव काढू नकोस. आवडीचं म्हणून काही करू नकोस. तुझ्या गावच्या बाजारात जा आणि ज्या भाजीचं नाव तूसुद्धा ऐकलं नाहीस, ती घेऊन ये. किती शिजवायची एवढंच विचारून ये, बाकी आपण बघू. ओट्यापाशी तू उभी राहा, आई स्टुलावर बसेल, आणि पहिला घास तिला दे. तो कसा लागायला हवा, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नसेल. तिनं विचारलं, मीठ बरोबर आहे का, तर आहे म्हण. भाजी जरा जास्त आण. मला याच्यापुढचं काही सुचत नाही, ठकू.

तुझाच,
भांडी घासून तुझी वाट बघणारा,
बाबा