शिट्टीआधीचं पाणी

सर, आज तुमच्याबद्दल मी चारचौघांत बोलले. चारचौघांत म्हणजे देशोदेशींच्या क्रीडा प्रशिक्षकांनी भरलेल्या सभागृहात, आणि तेही तुम्हाला न विचारता. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नातवंडांनाही मुलं झाली असतील. हे पत्र कुठे पोचायचं नाही, एवढं मलाही कळतं. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मैदान सोडायची आम्हा मुलींना कधी सवयच लागली नाही.

ऐंशीनंतरची ती पहिली दोन-चार वर्षं. शाळेमागचं तांबड्या मातीचं मैदान, घरी गेल्यावर पायमोजे कितीही धुतले तरी जायचा नाही असा त्याचा रंग, आणि गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत फिरणारे तुम्ही. खरं तर तुम्ही भूगोलाचे सर. तरुणपणी खो-खो खेळला होतात, तेवढ्या जोरावर मुलींचा संघ उभा करायला निघालात. आम्ही मिरकरवाड्यातल्या, कोळ्यांच्या मुली. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून वर्गात आमच्या बाकावर कुणी बसायचं नाही. तुम्ही मात्र मला खो-खोच्या पाटीवर पहिली बसवलीत आणि वर माझ्या आईला गाठून सांगितलंत, "हिला स्पर्धा होईपर्यंत मासळीच्या लिलावाला नेऊ नका हो. मला ती पहाटे ताजी हवी." आई नंतर कितीतरी दिवस हसत होती. म्हणायची, मासळी ताजी लागते ते ठाऊक होतं, पोरीपण ताज्या लागतात काय!

तुमची माया मी वेगळी सांगायला नको. पण तुमचा एक नियम होता. शिट्टी झाल्याशिवाय पाणी नाही. खेळताना पाणी प्यायलं की पाय जड होतात, पोटात कळ येते, असं तुम्हाला तुमच्या गुरुजींनी सांगितलं होतं आणि तुम्ही ते आम्हाला सांगितलंत. शंका घ्यायचं आमच्या मनातही आलं नाही. तोंड सुकलं की आम्ही थुंकी गिळायचो आणि त्याचाही आम्हाला अभिमान वाटायचा.

दिवाळीआधीची ती दुपार. पावसानंतरचं चटके देणारं ऊन, वारा पडलेला. मी पळतीला आहे. खांबाला वळसा घालायला जाते तर मला दोन खांब दिसतात. कोणता धरायचा तेच कळत नाही आणि मग काहीच कळत नाही. डोळे उघडते तेव्हा मी तुमच्या स्वयंपाकघरात गार जमिनीवर पडलेली. कपाळावर ओला पंचा आहे, काकू चमच्याचमच्याने साखरमिठाचं पाणी पाजताहेत आणि तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे. तुमचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. काकू तुमच्याकडे न बघता म्हणाल्या, "आंब्याच्या कलमांना दोन्ही वेळा घागरी ओतता, आणि पोरी कोरड्या ठेवल्यात?"

तेवढ्यात निरोप मिळून आई धावत आली. ती तुमच्यावर भडकेल असं मला वाटलं होतं. पण ती तुम्हालाच समजवायला लागली. "मास्तर, पोर माझीच नाजूक. तुमी कशाला वाईट वाटून घेताव?" सोडून देण्यासारखं होतं, सर. आईने तर तुम्हाला माफ केलंच होतं. तुम्ही म्हणालात, "पोर नाजूक नाही हो. मला शिकवायला येत नाही." आई घाबरली. तिला वाटलं, आता संघ मोडणार.

दुसऱ्या दिवशी मैदानाकडेच्या जांभळीखाली माठ होता. आम्हाला रांगेत उभं करून तुम्ही म्हणालात, "काल माझं चुकलं. डॉक्टरांना विचारून आलोय. तहान लागली की प्यायचं, मला विचारायचं नाही." एखाद्या मोठ्या माणसाने मुलींची अशी माफी मागितलेली आम्ही कधी ऐकली नव्हती. कुठे बघावं ते न कळून आम्ही माठाकडे बघत राहिलो. आणि मे महिन्याच्या सुट्टीत, आंबे उतरवायचे सोडून, तुम्ही वळकटी घेऊन कोल्हापूरच्या एसटीत बसलात, खेळ शिकवायचं शिक्षण घ्यायला. परत आल्यावर सांगत होतात, "अगो, तिथली पोरं मला आजोबा म्हणत. पण मी सगळ्यांच्या पुढे बसायचो."

आज सकाळी इथे एका नियमावर वाद होता. मुलांना खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाने आधी त्याचं शिक्षण घेतलंच पाहिजे, हा नियम सगळ्या देशांनी मान्य करावा यासाठी मी गेली कितीतरी वर्षं भांडते आहे. एका लहानशा बेटावरचे म्हातारे प्रशिक्षक उठले आणि म्हणाले, "आमच्या गावात मुलांवर जीव लावणारी माणसं शिकवतात. त्यांना घरी पाठवायचं?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सर, कारण मला तुम्हीच दिसलात. मग माझी पाळी आली. तुमची ती दुपार सांगितल्याशिवाय मला उत्तर देता येणार नव्हतं. आणि सांगावी तर ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही त्यांच्यापुढे तुम्हाला आरोपी करून उभं करायचं.

मी सांगितली. तुमचा नियम सांगितला, मला दिसलेले दोन खांब सांगितले, माठ सांगितला, कोल्हापूरची एसटी सांगितली. म्हटलं, माझ्या सरांइतका जीव कुणी लावला नसेल आणि तरीही मी त्यांच्या हातून मेले असते. अशा माणसाला घरी पाठवू नका. पण त्याला वळकटी घेऊन लांब जायला लागू नये, शिक्षण त्याच्या गावात, त्याच्या भाषेत गेलं पाहिजे, हेही नियमात लिहा. हे वाक्य त्यात घातल्यावर नियम मंजूर झाला. त्या म्हाताऱ्यांनीही हात वर केला. नंतर माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, तुमचे सर आहेत का अजून. मी नाही म्हटलं आणि तिथेच मला रडू फुटलं.

हे पत्र मी घडी करून पर्समध्ये ठेवणार आहे, पाठवायला तर कुठला पत्ताच नाही. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. मी बोलत असताना घसा कोरडा पडला होता, समोर पाण्याचा भरलेला ग्लास होता, अध्यक्षबाईंनी तो दोनदा माझ्यापुढे सरकवला. जगभरच्या मुलांना तहान लागली की पाणी द्या म्हणून मी घसा फोडत होते आणि बोलणं संपेपर्यंत मी स्वतः त्या ग्लासाला हात लावला नाही. माठ ठेवलात, माफी मागितलीत, तरी मी अजून तुमच्या शिट्टीची वाट बघते, सर.