मामांच्या पिंपाचं शास्त्र

कीटकशाळा, तळघर
शनिवार, २२ मार्च

तीर्थरूप ओनेझिममामांच्या चरणी भाची नोएला हिचा साष्टांग नमस्कार. (तळघरात साष्टांग घालायला जागा नाही, भुंग्यांचे पिंजरे आड येतात, तरी मनोमन घातला असं धरून चालावं.)

गुडघा कसा आहे? क्लेमांसमामी फोनवर म्हणाल्या की गुडघा बरा आहे, पण तो बरा आहे हे तुम्हाला कळू द्यायचं नाही, नाहीतर तुम्ही छपरावरचा बर्फ काढायला चढाल. तेव्हा गुडघा दुखतोच आहे असं समजून जपावं. बियाण्याचे बटाटे थंडीतून सुखरूप निघाले असतील, फादर गोडिनांच्या प्रवचनात तुम्हाला अजून पाचव्या मिनिटाला झोप लागत असेल, म्हणजे एकंदर प्रकृती उत्तम. माझी विचाराल तर मान फक्त डावीकडे वळते. सबंध आठवडा पडदा डावीकडे होता.

आमच्याकडे कार्यशाळा झाली. कार्यशाळा म्हणजे एका माणसाचं काम बावीस जणांनी गळ्यात नावाची पाटी अडकवून करायचं. विषय होता बटाट्यावरचा पट्टेरी भुंगा. तो तुम्हाला ऐकून तरी माहीत असेल. (तुमच्या दोन एकरांत तो कधी फिरकला नाही, हे सेंट जॉनच्या सगळ्या खोऱ्याला तुमच्याच तोंडून ठाऊक आहे.) तर या भुंग्याच्या पेशीतली सगळी अक्षरं यंत्राने वाचून काढली आहेत. कोट्यवधी अक्षरं, मध्ये ना जागा ना पूर्णविराम, थेट फादर गोडिनांचं प्रवचन. त्यात कुठलं जनुक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे संगणकाने अंदाजपंचे ठरवलं, आणि ते बऱ्याच ठिकाणी चुकलं. कुठे दोन शेजारी जनुकं एकत्र बांधली, कुठे एकाचेच तीन तुकडे केले. म्हणून माणसांनी बसून एकेकाची हद्द डोळ्यांनी तपासायची आणि सरकवायची. थोडक्यात, बांध कोरायचे. तुम्ही आणि शेजारचा लुसियन थेरियो चाळीस वर्षं हेच करत आलात, फक्त तुम्हाला कोणी फुकट जेवण दिलं नाही.

मी तिथे कशाला, असं तुम्ही म्हणालच. मी हे भुंगे सतरा वर्षं सांभाळते आहे. त्यांना पाला घालते, अंडी मोजते, मेलेले काढते, आणि नाताळात सगळे घरी जातात तेव्हा मी भुंग्यांजवळ असते, कारण भुंग्यांना नाताळ नसतो. आमच्या मुख्य प्राध्यापिका विनिफ्रेड हॅस्केलबाई यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की या कामात लहान कोणी नाही आणि मोठं कोणी नाही, आणि मला कॉफीच्या यंत्राशेजारची खुर्ची दिली. (कॉफी संपली की एकवीस जण माझ्याकडे बघत. मोठं कोणी नव्हतं हे खरंच, पण यंत्र कोणाला भरता येत नव्हतं.)

माझ्या वाट्याला एक जनुक आलं. मी सकाळभर खपून त्याची हद्द नीट बसवली आणि जेवायला गेले. परत येऊन बघते तर हद्द पुन्हा जुन्या जागी! भुताटकी वाटली. मग कळलं की इटलीतले कोणी ओत्ताविओ नावाचे विद्वान पडद्यावरून याच कामात आहेत आणि आमच्या जेवणाच्या वेळी त्यांना हुरूप येतो. मी हद्द सरकवली, त्यांनी परत आणली. तीनदा. शेवटी मी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, कृपया हात लावू नये. त्याखाली त्यांनी इतकं लांबलचक आणि इतकं नम्र उत्तर लिहिलं की ते वाचण्यात दुपार गेली, आणि तेवढ्यात त्यांनी हद्द सरकवली. तुमची आणि लुसियनची भांडणं काठीवर येत, तरी एका उन्हाळ्यात मिटत. विद्वानांचं तसं नसतं.

आमचा संगणकवाला टॅड याचं तर विचारूच नका. त्याला एक अद्भुत जनुक सापडलं, आजवर कुठल्याही किड्यात न दिसलेलं. दीड दिवस तो ते जनुक सगळ्यांना दाखवत फिरला, बाईंनी त्याची पाठ थोपटली, नाव काय ठेवायचं यावर मतदानसुद्धा झालं. गुरुवारी सकाळी समजलं की ते जनुक बटाट्याचं आहे. भुंग्याच्या पोटात पाला होता, तोही तपासणीसाठी भुंग्याबरोबर खलात वाटला गेला आणि यंत्राने इमानदारीने वाचला. आता मामा, वाटायच्या आधी भुंगे दोन दिवस उपाशी ठेवा, असं मी पिंजऱ्यावर ठळक लिहून लावलं होतं. पण पिंजऱ्यावरची चिठ्ठी पिंजरेवालीची, ती कोण वाचतो? टॅड मला म्हणाला, "नोएला, हे आधी सांगायचं ना गं!" मी कॉफी भरायला उठले.

आता मुख्य गोष्ट. (बसला नसाल तर बसून घ्या. गुडघा दुखतो आहे.) विषावर मात करणारी जी जनुकं असतात ती या भुंग्यांत भरमसाट निघाली, रांगेने, एकाला एक लागून. आणि हे भुंगे कुठले, तर १९९२ साली आमच्याकडे आले त्यांचीच पिलावळ. बाई बुचकळ्यात पडल्या. ज्या नव्या औषधाला हे भुंगे दाद देत नाहीत, ते औषध तेव्हा बाजारातच नव्हतं. मग यांना तालीम दिली कोणी? नोंदवहीत नाव आहे, 'डेगल वाण'. सगळ्यांना वाटत होतं डेगल हे एखादं गाव असेल. मी सतरा वर्षं त्यांना तसंच वाटू दिलं होतं, तुमच्या अब्रूखातर. पण गुरुवारी दुपारी जो तो आपापली अक्कल पाजळत होता, ओत्ताविओ पडद्यावरून हवामानाला दोष देत होते, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "डेगल हे गाव नाही, माझे मामा आहेत. आणि त्यांच्याकडे तंबाखूच्या काढ्याचं पिंप आहे."

मामा, एकवीस माना एकदम माझ्याकडे वळल्या, आणि कॉफी संपलेली नव्हती. ते नवं औषध म्हणे तंबाखूच्या विषाचंच भावंड आहे. भुंगे आमच्याकडे येईपर्यंत वर्षानुवर्षं तुम्ही पिंपातला काढा फवारलात, त्यात जे भुंगे तगले त्यांचीच पिलं पुढे तगली, आणि औषध यायच्या आधीच ती औषधाला पुरून उरली, असं बाईंनी फळ्यावर बाण काढून काढून सिद्ध केलं. शुक्रवारी समारोपाला तुमचं पिंप पडद्यावर होतं. (चित्र टॅडने काढलं. पिंप बरं आलंय, तुम्ही जरा लठ्ठ आलात.) टाळ्या झाल्या. ओत्ताविओंनी उभं राहून वाजवल्या असाव्यात, कारण पडद्यावर नुसतं पोट दिसत होतं.

तेव्हा अभिनंदन. तुमच्या शेतात भुंगा नाही, हे तुमचं म्हणणं आता फक्त खोऱ्यापुरतं खरं राहिलं आहे. मामींना नमस्कार. त्यांच्या हातच्या प्लॉयची, त्या कुट्टूच्या जाळीदार धिरड्यांची, फार आठवण येते. इथे फराळाला जे देत होते त्यावर भुंगासुद्धा बसला नसता.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा ही विनंती.
तुमची नोएला

ता. क. पत्र तब्येत विचारायला लिहिलं होतं, हे तुम्हाला पटलं नसणार. झालंय असं की या शोधनिबंधावर त्रेसष्ट नावं आहेत. ओत्ताविओंचं आहे. टॅडचं, दीड दिवसाच्या बटाट्यासकट, आहे. माझं नाही. सतरा वर्षांत अकरा निबंध निघाले, एकावरही नाही. बाई म्हणतात, या वाणाचा खरा इतिहास लेखी आणलास तर नाव घालते, येत्या शुक्रवारपर्यंत. म्हणजे काढ्याची कृती, मापासकट, आणि खाली तुमची सही. ती कृती तुम्ही सख्ख्या मेहुण्याला, माझ्या पप्पांनाही दिली नाहीत हे माहीत आहे. तरी मागते. मला ते नाव हवं आहे मामा, फार हवं आहे. थट्टा बाजूला.

ता. क. दुसरा, सोमवार. पत्र टाकायच्या आधी फोन केला. तुम्ही लुसियनकडे पत्ते खेळायला गेला होतात, मामींनी उचलला. मी पिंपाची हकीकत सांगितली तर त्या इतका वेळ हसल्या की मला वाटलं फोन पडला. "अगं, कसली तंबाखू? लग्नानंतरच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात बंद केली मी. धुतलेल्या चादरींना वास मारायचा. काढा उकळायचा कोणी, तर मी. मी कॉफीचा चोथा घालायचे आणि भांड्यांचं पाणी. ह्यांच्या तोंडात चोवीस तास तंबाखू, ह्यांना वास कशाचा येणार?" तंबाखूची पानं त्यांनी पप्पांना दिली. (तुमच्या गुप्त कृतीची चौकशी पप्पांनी नंतर का केली नाही, ते आज कळलं.) मग मी विचारलं, शेतात भुंगा का दिसत नव्हता? "मी वेचायचे म्हणून! पहाटे, ओळीओळीने, डबा घेऊन. एका साली तुमच्या विद्यापीठाने भुंगे मागितले होते, तर एक डबा टपालाने धाडला ह्यांच्या नावाने. ह्यांना वाटायचं मी कोंबड्यांना दाणे घालायला जाते. सहा कोंबड्यांना दाणे घालायला दोन तास लागतात का गं?"

हे तुम्हाला कळवू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कळव. पत्रातच कळव. तोंडावर सांगितलं की ते उठून कोठारात जातात."

ता. क. तिसरा आणि शेवटचा. बाईंना मी खरं सांगून टाकलं. पिंजऱ्यावर कधी खोटी चिठ्ठी लावली नाही, आताच कशी लावू? बाईंनी आधी फळ्याकडे पाहिलं. (फळ्यावरचे बाण अजून पुसलेले नव्हते.) मग म्हणाल्या की भुंग्यांना तालीम कोणी दिली ते आता नव्याने शोधावं लागेल, त्यासाठी आणखी एक कार्यशाळा घ्यावी लागेल, आणि तेवढ्यावर त्यांचा चेहरा चांगलाच खुलला. इतिहास मात्र हवाच आहे. फक्त तो पिंपाचा नको, वेचण्याचा हवा, आणि सही वेचणाऱ्या माणसाची हवी. त्यांचं नाव आणि माझं नाव, दोन्ही घालू म्हणतात.

मामींना परत फोन केला. त्या सही करायला तयार आहेत. अट एकच आहे. आधी तुम्ही स्वयंपाकघरात बसून त्यांना विचारायचं, की चाळीस उन्हाळे पहाटे तू काय करत होतीस, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत उठायचं नाही. शुक्रवारपर्यंत हे जमेल असं मला वाटत नाही, तसं मी बाईंना सांगूनही ठेवलं आहे. पण मामींनी तुमच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली आहे.