रविवारपर्यंतची व्यवस्था

मी, उपासना ज्ञानदेव रामटेके, वय एकसष्ट, धर्माने बौद्ध, मूळची कामठीची, सध्या राहणार अल्फारेटा, जॉर्जिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दडपणाचं म्हणाल, तर मी सत्तावीस वर्षं कॉलेजच्या मुलींच्या गोल्फ टीमची कोच होते. दडपण मी टाकत असे, घेत नसे. मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि पुढचा वसंतातला सीझन मी पाहीन असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

वकिलाने केलेलं इंग्रजी मृत्युपत्र वेगळं आहे. मालमत्तेबाबत ते प्रमाण मानावं, बाकी सगळ्या बाबतीत हे. माझी मुलगी अनिका सांता क्लाराला असते. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून पायलने तिला हे सावकाश वाचून दाखवावं आणि मध्येच रडून वाचन थांबवू नये. पायल माझ्या टीममध्ये चार वर्षं खेळली, पुण्याहून आली होती, आता इथेच जवळ राहते.

कलम एक. घर अनिकाला. मात्र माझे पती प्रफुल्ल हयात असेपर्यंत त्यांनी याच घरात राहायचं. त्यांना विसरण्याचा आजार आहे. घराबाहेर त्यांना काहीच ओळखीचं वाटत नाही, घरात निदान चहाची पातेली कुठे आहे ते कळतं. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईंचा पगार माझ्या बचतीतून द्यावा.

कलम दोन. त्यातून जे उरेल ते कॉलेजच्या टीमला, पण एका अटीवर. स्पर्धेत पाच मुली खेळतात आणि त्यांतल्या चांगल्या चार जणींचेच स्कोअर धरले जातात. पाचवीची दिवसभराची पायपीट पाण्यात. मी कायम तिच्याबरोबर चालत असे, कारण बाकीच्या चौघींबरोबर चालायला त्यांचे आईवडील असत. या पैशातून दरवर्षी त्या पाचव्या मुलीला एक चांगला रेनकोट घ्यावा. स्वस्तातला नको, तो खांद्यात गळतो.

कलम तीन. कोठीत जुनी, आखूड केलेली सात नंबरची आयर्न, म्हणजे गोल्फची काठी, आहे. कामठीच्या छावणीतल्या गोल्फ मैदानाच्या कुंपणाला लागून आमचं क्वार्टर होतं. वडील, ज्ञानदेव, मिलिटरी हॉस्पिटलात कंपाउंडर होते. एका कर्नलच्या बायकोने टाकून दिलेली ही काठी वडिलांनी करवतीने कापून माझ्या उंचीची केली. आई, जाईबाई, म्हणायची, "काठीने चेंडू मारून कुणाचं पोट भरलंय का?" भरलं, आई. ही आयर्न पायलला द्यावी. तिच्या मुलीला अजून थोडी लांब पडेल.

कलम चार. मराठी मंडळातल्या शैलाकाकूंना माझा निळ्या फुलांचा चहाचा सेट. आम्ही इथे नवीन असताना त्यांनी विचारलं होतं, "रामटेके म्हणजे मूळचे कोण?" मी सांगितलं. त्यानंतर त्या किती वेळा घरी आल्या, पण दर वेळी "आत्ताच झाला हो" म्हणून चहा टाळला. सेट त्यांच्यासाठीच आणला होता, त्यामुळे नव्यासारखा आहे. आता तरी वापरावा.

कलम पाच. आमच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरसाहेबांना काही नाही. कारण लिहिते. कॉन्फरन्स स्पर्धेच्या अंतिम दिवशी, अठराव्या होलला, उंच गवतात पायल चेंडूमागे उभी राहिली आणि तिच्या हालचालीने चेंडू जरासा सरकला. कोणी पाहिलं नाही. ती माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक.

"कोच, आता काय करू?"

"तू पाहिलंस ना?"

"हो."

"मग झालं."

तिने स्वतःवर एका स्ट्रोकचा, म्हणजे एका जादा फटक्याचा, दंड लावून घेतला आणि करंडक आम्ही त्या एका स्ट्रोकनेच घालवला. साहेब मला पार्किंगमध्ये म्हणाले, गप्प बसायला काय झालं होतं? मी म्हटलं, आमच्या घरी पंचशील घेतात, खोटं बोलायचं नाही हे त्यातलं चौथं. त्यांना काही कळलं नाही. पुढच्या वर्षी आमची नवी व्हॅन फुटबॉलवाल्यांकडे गेली. मी आजही तेच सांगेन. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीला मी हेच शिकवलं, आणि अनिकाला तर जरा जास्तच.

कलम सहा. अंत्यविधी साधा असावा. त्रिशरण, पंचशील, बस. अस्थी गोल्फच्या मैदानावर टाकायची हौस कोणी करू नये, गवत जळतं. कामठीजवळच्या कन्हान नदीत सोडाव्यात.

कलम सात. माणूस मृत्युपत्रात लिहून देता येत नाही, असं वकील म्हणाला. तरीही प्रफुल्लबद्दल लिहिते, कारण या सगळ्यात मला घोर आहे तो तेवढाच.

सीझनमध्ये दर गुरुवारी मी टीमला घेऊन जायची ती रविवारी परतायची. अनिका लहान होती. मागे हे तिची वेणी घालत, डबा भरत. ती विचारी, आई कुठेय? हे म्हणत, "टीमला घेऊन गेलीय, रविवारी येईल." अनिका या वाक्यावर वाढली आणि या वाक्याचा तिला मनस्वी राग आहे. तो राग रास्त आहे. पण आज यांना आमचं लग्न आठवत नाही, अनिकाचा जन्म आठवत नाही, आणि हे एक वाक्य मात्र आठवतं. मी नुसती बाथरूममध्ये असले तरी घरभर हाका मारत फिरतात. कोणी हे वाक्य म्हटलं की शांतपणे खुर्चीत बसतात.

मी गेल्यावर ते विचारतील. रोज विचारतील. खरं सांगितलं तर त्यांच्यासाठी मी रोज नव्याने मरेन आणि ते रोज पहिल्यांदा रडतील. हे माझ्याच्याने सोसत नाही. म्हणून मी अनिकाला फोनवर म्हटलं, तू त्यांना तेच वाक्य सांगत जा.

"आय कान्ट, आई," ती म्हणाली. "तूच शिकवलंस ना, खोटं बोलायचं नाही? अँड दॅट सेंटेन्स, ऑफ ऑल थिंग्ज? मी नाही म्हणणार ते."

आयुष्यभर ज्या गोष्टीवर एक करंडक ओवाळून टाकला, तीच गोष्ट मी माझ्या लेकीला मोडायला सांगत होते. फोन ठेवला आणि खूप रडले.

मागच्या आठवड्यात मी हॉस्पिटलात होते, अनिका इथे येऊन राहिली होती. रविवारी दुपारी मला लवकर सोडलं, पायलने घरी आणलं. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून यांचा आवाज आला, "उपासना कुठेय गं?"

अनिकाने नळ बंद केला. मग म्हणाली, "टीमला घेऊन गेलीय, बाबा. रविवारी येईल."

"आज रविवारच आहे ना?"

हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. मी पायलचा हात घट्ट धरला. आता ही खरं सांगणार, असं वाटलं.

"तिकडे खूप पाऊस पडतोय, बाबा," अनिका म्हणाली. "रेन डिले. खेळ थांबलाय. पाऊस थांबला की येईल."

"रेनकोट नेलाय ना तिने?"

"नेलाय, बाबा."

मी लगेच आत गेले नाही.

या कलमाची अंमलबजावणी अनिकाकडे. अनिका, याचा दंड माझ्या नावावर लावायचा, तुझ्या नाही. आणि माझा तो पिवळा रेनकोट दाराजवळच्या खुंटीला आहे. तो मी जाईन त्या दिवशीच काढून ठेव. त्यांच्या नजरेला पडता कामा नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून या दोघांना मी फक्त चहा पाजला, आणि तो दोघांनीही घेतला.

सही: उपासना ज्ञानदेव रामटेके

साक्षीदार:
१. विवेक गजभिये, शेजारी
२. इला गजभिये, त्यांच्या पत्नी

स्थळ: अल्फारेटा, जॉर्जिया
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार