सात मडक्यांचं लायसन

दोंडाईचा,
ता. १४ एप्रिल १९६८

चि. मगन यास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. इकडे प्रकृती सर्वांची ठीक. तुझी वहिनी आपल्या पुष्पाच्या लग्नाच्या पापडांत गुंतली आहे. जळगावची बदली तुला मानवली असं लिहिलंस, बरं झालं.

रेडिओ लायसनच्या तपासणीला आलास तेव्हा तू पंचनाम्यात लिहिलंस, 'घरगुती बनावटीचा संच एक, कर्णे सात.' हे अपुरं आहे. रेडिओची पेटी मी केली, आमच्या जिनिंग मिलच्या मोडक्या दाराच्या सागाची. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून सांगाडा केला, कॉइल हातानं गुंडाळली. धुळ्याच्या जुन्या बाजारातून फाटके स्पीकर आणले, त्यांना पतंगाच्या कागदाची ठिगळं लावली, खळसुद्धा मीच शिजवली. एकेक स्पीकर मडक्याच्या तोंडावर बसवला, कारण मडक्यात आवाज घुमतो. मग आपल्या ओट्यापासून धुरपदाबाईच्या ओसरीपर्यंत वायर ओढली. शेजारची सात घरं एका रेडिओवर ऐकू लागली, कुणाकडून पै घेतली नाही. तुला शाळेत घातलं त्या वर्षांत जिनिंगच्या मोटारी उघडून उघडून मी हे शिकलो. प्रमाणपत्र नाही.

माझं स्वतःचं लायसन दर जानेवारीत पोस्टात भरलेलं असतं, पंधरा रुपये. त्यामुळे मी चोर, असं कुणी म्हणू नये.

त्या दिवशी तुला विचारलं तेच परत विचारतो. रेडिओ चालवायला सरकारला पैसा लागतो, कबूल. मग तो कराच्या पट्टीत घ्या, ज्याची मिळकत मोठी त्याच्याकडून जास्त घ्या. धुळ्याच्या सडकेवर चालणाऱ्याला आधी पोस्टात पैसे भरून ये म्हणता का? सडक सगळ्यांची आणि बातमी मात्र ज्याच्या खिशात पंधरा रुपये त्याची, हा कुठला न्याय? बरं, पैसे घेऊन देता काय? मुंबईचे भाव सांगता. दोंडाईच्याच्या मिरचीचा भाव आम्ही मार्केटात जाऊनच विचारतो.

तू म्हणालास, "भाऊ, ते दिल्लीला लिहा. मला हुकूम एवढाच, जिथे ऐकायची वस्तू तिथे लायसन."

मी दिल्लीला लिहिलं आहे. उत्तर नाही.

तू लायसन तपासायला आला आहेस हे गल्लीत कुणाच्या मनातही आलं नाही. घरचा पोरगा आला असंच सगळ्यांना वाटलं. धुरपदाबाईला डोळ्यांनी दिसत नाही, तरी चाचपत उठली, तुला गुळाचा चहा केला आणि मडक्यावर हात ठेवून कौतुकानं सांगितलं, हे सुकदेवनं दिलं, सकाळी भजन म्हणतं. तो कप खाली ठेवून तू तिचं नाव लिहून घेतलंस. ते मी दारातून पाहिलं.

तक्रार आली होती, दुसरा इन्स्पेक्टर आला असता तर खटलाच झाला असता, म्हणून मी स्वतः आलो, असं तू वहिनीला सांगितलंस. मला सांगितलं नाहीस. तिनं मला काल सांगितलं.

पुढचं ऐक. वायर तुझ्या हुकमानं काढली गेली. तरी वाजवल्याबद्दल सातही घरांनी वर्षाच्या लायसनचे पंधरा आणि दंडाचे सात रुपये भरले. शेजारच्या सुभाषचंदनं पैसे भरल्याच्या दिवशी मडकं आणून माझ्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, वस्तू झकास. चार दिवस वाजली, पण बावीस रुपयांना पडली." धुरपदाबाईनं शेळीचं पिल्लू विकलं. मडक्यात ती आता तुरीची डाळ ठेवते.

गल्लीतल्या बाया तुझ्या नावानं बोटं मोडतात. सुभाषचंद येताजाता म्हणतो, साप घरातलाच निघाला. मी ऐकून घेतो. जिनिंगमध्येही लोक विचारतात, सख्ख्या भावानं असं केलं? मी पाना उचलतो आणि कामाला लागतो.

परवा धुरपदाबाई म्हणाली, "सुकदेव, मगन तुना भाऊ शे ना. त्यानी काहीच वाट काढी नही का?"

मी म्हटलं, तुझी चुलीवरची डाळ उतू चालली आहे.

लग्नाला येऊ की नको, असं विचारलंस. ये. मुलीच्या डोक्यावर काकाच्या अक्षता पडल्या पाहिजेत. हळदीला सगळी गल्ली जमेल, आणि तू मांडवात शिरलास की पाठी फिरतील, ही तयारी ठेवून ये. खरं काय ते त्यांना सांगू शकेल असा माणूस एकच आहे, आणि तो सांगेलच, हे मी लिहून देत नाही. निदान तुझ्याजवळ माझ्या अक्षरात असावं, म्हणून लिहितो.

तू मागच्या दाराशी मला बाजूला घेतलंस. आपली नोकरी पणाला लावून कोरा कागद पुढे केलास आणि म्हणालास, "भाऊ, सातही मडकी बंद आहेत, वाजत नाहीत, एवढी एक ओळ लिहा आणि सही करा. बंद वस्तूला मी लायसन लावत नाही." मगन, त्या वेळी सातही घरांतून आवाज येत होता आणि एकाचाही सूर फाटत नव्हता. माझ्या हातची वस्तू वाजत नाही, या ओळीखाली मी सही केली नाही. आजही करणार नाही. घरटी बावीस रुपये. सात घरांचे एकशे चोपन्न.

सुकदेव