तुमच्या नावाची प्रत

बाबा,

मंगळवारी लेथची दोन हत्यारं आली, तेलाचा डबा आला, आणि कॉम्प्युटरवर एक पुस्तक आलं. हत्यारं-तेलाचं काही नाही, पण पुस्तकाला जेवढे पैसे गेले त्यात दुभती शेळी आली असती. पानं जेमतेम वीस.

पुस्तक विषारी वायूत घालायच्या मास्कच्या आट्यांचं आहे. मास्क कुठल्याही कंपनीचा असो, फिल्टरची डबी कुठल्याही देशातली, आटे बसलेच पाहिजेत, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं माप. तुमची नात खालापूरच्या शेडमध्ये आता त्या डब्यांची तोंडं बनवणार आहे. मी तिला विचारलं, "माप सगळ्यांसाठी, मग फुकट का नाय गं?" म्हणाली, "आई, माप वापरायला फुकटच आहे. ते लिहिलेला कागद विकत. ठरवणारे तिथं पगार घेत नाहीत, पण ऑफिस या विक्रीवरच चालतं." हिशेब पटला. देवळात दर्शन फुकट, तरी तेलवातीला कुणी तरी द्यावंच लागतं. मनाला मात्र पटत नाही.

कारण रसायनीच्या कारखान्यात वायू सुटला त्या दिवशी तुमच्या मास्कची डबी संपली होती आणि हाताशी होती ती दुसऱ्या मापाची. ती आट्यात बसेना. तुम्हाला बाहेर उचलून आणणारे मोहोपाड्याचे काका सांगतात, तेव्हाही तुमची बोटं डबी फिरवतच होती. अजून मी लोणच्याची बरणी लावते, झाकण तिरपं बसतं, आणि मागं कुणी तरी उभं असतं. मी वळून बघत नाही. झाकण काढते, पुन्हा लावते.

काल काकाच आले. त्यांचीही छोटी शेड आहे, त्यांनाही हीच तोंडं करायचीत. मला म्हणाले, "पोरी, एक झेरॉक्स दे गं. तुजा बाप, पाना मागितला तर, वर चहा पाजायचा."

नात म्हणाली, एकाच्याच नावाची प्रत आहे, दुसऱ्याला देता येत नाही. नाव कुणाचं? तुमचं. शेडच्या पाटीवर तुम्ही, पहिला नारळ तुमच्या नावानं, तसं घेतानाही पोरीनं तुमचंच घातलं. आता प्रत्येक पानाखाली छापून आलंय, फक्त तुमच्या वापरासाठी. काका चष्मा लावून वाचत राहिले. मग म्हणाले, "सापडलो तर त्यालाच धरतील की. धरू दे. बघायला तरी मिळंल."

देवासमोर कधी खोटं केलं नाही, बाबा. पण काकांनी अंदाजानं आटे पाडले तर?

एकच प्रत छापायची मुभा होती. मी दोन काढल्यात, दुसरी तुमच्या फोटोमागं आहे. या पत्राला पाकीट काही आणलेलं नाही, तेही तिथंच ठेवते. तरी काकांना प्रत देऊ की नको, उलट टपाली कळवा.