निंबाभोवतीचे तीन फूट

पुणे,
४ ऑगस्ट २०२५

चि. नवनाथ यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडते, म्हणजे पुढे वादाला जागा उरणार नाही. जानेवारीत आबांना अर्धांगवायूचा झटका आला. फेब्रुवारीत फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांना रोज अंगणात चालवण्यास सांगितले. खाचखळग्यांत त्यांचा उजवा पाय अडखळू लागला, म्हणून तू निंबाभोवती कृत्रिम हिरवळ अंथरण्याचे ठरवलेस. आधी मला विचारलेस, याचे पूर्ण गुण तुला दिले आहेत. ११ मार्चच्या पत्रात मी सूचना कळवल्या: खोडाभोवती तीन फूट जागा उघडी ठेवावी, एकही मुळी तोडू नये, त्या तीन फुटांपलीकडे दगडाची कच पसरून धुमसाने घट्ट ठोकून घ्यावी आणि वर हिरवळ बसवावी. एप्रिलमध्ये काम झाले. परवा तुझ्या लेकीने, अंकिताने निंबाच्या शेंड्याचे छायाचित्र पाठवले. भर श्रावणात पाने पिवळी आणि दोन फांद्या उघड्या!

निष्कर्ष एकच निघतो. माझ्या सूचना पाळल्या गेलेल्या नाहीत.

हे झाड घर बांधले त्या वर्षी आईने लावले, हे तुला सांगायला नको. आबा निंबाभोवतीच चालतात, फाटकापर्यंत चला म्हटले तर पाऊल उचलत नाहीत, हे तूच मला कळवले होतेस. झाड गेले तर त्यांचे चालणेही जाईल, आणि या वयात सुटलेले चालणे पुन्हा येत नाही. दोन रात्री माझा डोळा लागलेला नाही.

फोनवर ‘बघतो की ताई’ म्हणून वेळ मारून नेऊ नकोस. कोणती सूचना मोडली, कोणी मोडली आणि का, हे आठ दिवसांत लेखी कळव.

लोभ आहेच. तो उत्तरावर अवलंबून नाही, परंतु उत्तराची तारीख पाहिली जाईल.

तुझी ताई,
बुद्धप्रिया


सोलापूर,
१० ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
नवनाथचा सविनय जयभीम.

कारणे दाखवा नोटीस पोचली. बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या नोटिशीने घाम फुटला नव्हता, तो तुझ्या पत्राने फुटला.

ताई, एकही सूचना मोडलेली नाही. तुझे मार्चचे पत्र मी भिंतीला चिकटवले होते. हिरवळ बसवणारा अनिलकुमार म्हणाला की झाड लई मोठं हाय, तीन फुटानं कसं भागंल? मी त्याला सुनावलं की आमची ताई झाडांची डॉक्टर हाय, तू गप ठोक. टेप मी स्वतः धरला. तीन फूट म्हणजे तीनच फूट सोडले. घट्ट ठोका असं लिहिलं होतंस, म्हणून दोन दिवस धुमस चालवला. शेजारणीच्या मांडणीवरची भांडी पडली, तिचे बोल मी ऐकून घेतले.

आता तू विचारलं नाहीस ते सांगतो. निंब तू शेवटचा पाहिलास तो आई गेल्यावर, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. त्याला आठ वर्षं झाली. तेव्हा खोड तुझ्या दोन पंजांत मावलं होतं. आता अंकिता त्याला मिठी मारते तर बोटाला बोट लागत नाही. सावली खोडापासून अठरा फुटांवर पोचते. मला वाटलं, झाड किती वाढतं ते तुला न सांगता कळत असेल.

त्या दिवशीही तू असाच क्रम लावला होतास. ताप सोमवारी आला, दवाखाना बुधवारी, म्हणजे उशीर नवनाथने केला. सगळ्या पाहुण्यांदेखत. दोन दिवस आईच नको म्हणत होती, आणि मी तिच्या उशाशी बसून तिची मनधरणी करत होतो, हे तू विचारलं नाहीस. आज लेखी मागितलंस, म्हणून हेही लेखी.

आबा अकरा फेऱ्या मारायचे. आता चौथ्या फेरीला थांबतात आणि वर बघत राहतात. काय करायचं ते लवकर कळव.

राग आला तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
नवनाथ


पुणे,
१५ ऑगस्ट २०२५

चि. नवनाथ यास,
सप्रेम जयभीम.

चूक माझी आहे. झाड न पाहता मी झाडाचे माप लिहिले. एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते, तर त्याची वही मी वर्गाबाहेर फेकली असती. अनिलकुमारची शंका रास्त होती. माझ्या नावाने त्याची क्षमा माग.

झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळे खोडापाशी नसतात. ती सावलीच्या कडेपर्यंत, वरच्या हातभर मातीत पसरलेली असतात. त्यांच्यावरच आपण कच ठोकून बसवली. त्यांची हवा आणि पाणी दोन्ही बंद झाले. सावली पडते तेवढ्या जागेतली सगळी हिरवळ उचल. कच हाताने काढा. कुदळ लावू देऊ नकोस. निंबाचाच पाचोळा मातीवर पसर आणि सावलीच्या कडेने सावकाश पाणी सोड.

पण मग आबांनी चालायचे कशावर? अठरा फुटांबाहेर वाट काढावी तर अंगणच संपते. झाड वाचवावे तर आबा पडतील, आबांना सावरावे तर झाड गुदमरेल. चार दिवस कागदावर आकृत्या काढते आहे आणि फाडते आहे.

आईच्या बाबतीतही मी पाहिले नव्हते, तरी निकाल दिला. आठ वर्षे तोच निकाल धरून बसले आणि त्यापायी आबांच्या आजारपणातही आले नाही. क्षमा हा शब्द तोकडा वाटतो.

या पत्राचे उत्तर मागण्याचा मला अधिकार नाही.

ताई


सोलापूर,
२४ ऑगस्ट २०२५

चि. बुद्धप्रिया हिस,
आबाचा जयभीम.

डाव्या हातानं लिवतोय. अक्षराला हसू नको. ह्या एका कागदाला चार दिस लागलं.

तुझं पत्र नवनाथनं मला दोनदा वाचून दावलं. लगीच गवत उचललं. कच समद्यांनी मिळून हातानं काढली. अनिलकुमार म्हनला, डॉक्टरीनबाईनं माफी मागितली, आता मजुरी कशी मागू? म्या म्हनलं, मजुरी घे, माफी ऱ्हाऊ दे.

तुला आकृती सुचंना म्हनं. पोरी, केम टेसनाच्या लायनीवर छत्तीस वर्सं मी रुळाखाली खडी भरली. खडी सुटी असली की वरनं गाडी जाती आन खालनं पानी जातं. तसंच केलं. लिंबाभोवती धुतलेली सुटी खडी, तिच्यावर आडव्या फळ्या, दोन फळ्यांत बोटभर फट, वर दोन हात रुंदीची गवताची पट्टी. त्यालाबी जागोजाग भोकं पाडली. ठोकाठोकी कायबी न्हाय. आता म्हाताऱ्याची गाडी त्यावरनं धावती. काल पाच फेऱ्या झाल्या.

लिंबाचं म्हनशील तर एक फांदी वाळली ती वाळलीच. दुसरीच्या शेंड्याला तांबूस कायतरी दिसतंय. नवनाथ म्हनतो कोंब हाय, मला वाटतं नुसती गाठ हाय. त्याला चष्मा, मला मोतीबिंदू. रोज भांडतो. ह्याचा निकाल तूच दे, पर लांबनं न्हाय. बुडाशी हुबी ऱ्हाऊन.

तू जल्मभर आमच्याकडनं लेखी उत्तरं घेतलीस. आता एक मला पायजे. कंच्या दिशी, कंच्या गाडीनं येतीस, ते कागदावर लिवून धाड. फोन चालनार न्हाय.

आबा