हवापालटाचं तिसरं वर्ष

अण्णा,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. आमच्या समोरच्या फ्लॅटला नवीन बेल बसली आहे. बटण दाबलं की ती मंत्र म्हणते. मंत्राला माझी हरकत नाही. पण ती विसर्ग खाते, दीर्घाचे ऱ्हस्व करते आणि कुरिअरवाल्यानं बोट लवकर उचललं की देवाला अर्ध्या शब्दावर टांगून गप्प होते. पंचवीस वर्षं ज्यानं पोरांचे उच्चार घासले, त्याच्या दारासमोर हा अपराध दिवसातून दहा वेळा घडतो. मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडं लेखी अर्ज दिला. त्यानं तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "सर, बेल हाय ती. तिची काय तोंडी परीक्षा घेता का?" तुम्ही असता तर घेतली असतीत. नापासही केली असतीत.

हा झाला मंगलाचरणाचा भाग. मुद्दा जड असला की मी आधी विनोद करतो, ही माझी खोड तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला पळवाट म्हणायचात. आज रविवार, सकाळचे दहा वाजून गेलेत, ही भाजी आणायला गेली आहे, आणि जे लिहायचं आहे ते तिच्यासमोर लिहिता येणार नाही. तुमच्या नातीबद्दल आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तिनं मात्र तुमच्याकडून एक गोष्ट घेतली आहे, आणि ती मी तिला जपून लपवायला शिकवली.

मला तुमचा नववीचा वर्ग दिसतो. खडूची धूळ उन्हात तरंगते आहे. बाकीचे मास्तर कोरड्या डस्टरनं फळा पुसतात, तुम्ही ओल्या फडक्यानं. श्लोक म्हणता म्हणता तुम्ही मध्येच थांबता, डोळे मिटता, एक हात टेबलावर टेकता. आम्हाला वाटतं इथं यती आहे, छंदातली विसाव्याची जागा. म्हणून आम्हीही थांबतो. पन्नास पोरं एकदम थांबतात. घरी मला सगळं ठाऊक असतं, पण वर्गात मीही थांबतो, कारण तुम्ही इतक्या गंभीर चेहऱ्यानं थांबलेले असता. त्या वर्गातला एक जण आता चिकलठाण्याला कारखान्यात मोठा साहेब आहे. मध्यंतरी त्याच्या घरच्या पूजेला त्यानं हौसेनं तो श्लोक म्हटला, आणि जिथं छंद थांबत नाही नेमका तिथं थांबला. मी प्रसाद खात बसलो. त्याला कसं सांगणार, की बाबा रे, चाळीस वर्षं तू माझ्या वडिलांची धाप पाठ म्हणतो आहेस.

शाळेत कुणाला कळू द्यायचं नाही, हा तुमचा नियम. घरात 'दमा' हा शब्दही उच्चारायचा नाही. जुन्या वैद्यकातला 'तमक' तुम्ही मला एकदा समजावून दिला होतात, रोग्याला अंधारात उतरल्यासारखं वाटतं म्हणून तमक. पण तो जणू दुसऱ्याच कुणाला होतो अशा आवाजात.

आणि आत्याला बघायला आले होते तो दिवस. मी आठ वर्षांचा. बैठकीत पाहुणे बसलेत, पोहे झालेत, तुमचा पत्ता नाही. एक म्हातारे पाहुणे मला जवळ घेऊन विचारतात, "वडील कुठंयत रे बाळ?" मी खणखणीत आवाजात सांगतो, "अण्णांना धाप लागलीय. ते मागं पायरीवर बसलेत." एका वाक्यात बैठक गार झाली. ते स्थळ फिरून आलं नाही, आणि आत्याचं लग्न पुढं चार वर्षं लांबलं. तुम्ही मला मारलं नाहीत. मागच्या पायरीवर बसवून म्हणालात, "घरातली धाप उंबऱ्याच्या आत ठेवायची. उद्या तुझ्याही लेकीला कुणी बघायला येईल." मग खिशातून पेरू काढून दिलात. ते वाक्य मला पेरूच्या वासासकट पाठ आहे.

माझ्या लेकीला पहिली धाप लागली तेव्हा ती पाच वर्षांची होती. आमच्या बिल्डिंगशेजारी मोकळा प्लॉट होता, कमरेएवढं गाजरगवत. भाद्रपदात ते पांढरं फुललं की ती रात्रभर बसून झोपायची. शहागंजात एक म्हातारे डॉक्टरसाहेब होते, त्यांनी दम्याचा पंप दिला आणि ती तरली. मी काय केलं? तिला बजावलं, वर्गात काढायचा नाही, बाथरूममध्ये जाऊन घ्यायचा. मैत्रिणींनी विचारलं तर सर्दीचं औषध म्हणायचं. पंप पाहिला की लोक पोरीवर शिक्का मारतात, अण्णा, तुमच्या काळापेक्षा आता काही फार सुधारणा नाही. तिनं ऐकलं. कॉलेज संपेपर्यंत तिच्या जिवलग मैत्रिणीलाही पत्ता नव्हता.

मग शेंद्र्याचे पाहुणे आले. चांगली माणसं. मुलगा मेलबर्नला नोकरीला, तिकडं ऑस्ट्रेलियात. चहा झाल्यावर व्याह्यांनी सरळ विचारलं, "सर, आमचं कसं, उघड काम असतंय. पोरीला काय दुखणं-खुपणं नाय ना?" मी म्हणालो, "आहे ना. बापाचे विनोद ऐकून ऐकून कंटाळ्याचा जुनाट विकार जडलाय." बैठक खळाळून हसली. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रश्न त्या हसण्यात विरघळून गेला आणि पुन्हा कुणी विचारला नाही. मी खोटं बोललो नाही, अण्णा. ते कमी हुशार लोक बोलतात. मी नुसता विनोद केला. दारापाशी उभी असलेली लेक हसली नव्हती, एवढं मात्र मला दिसलं होतं.

आणि गंमत बघा, मेलबर्ननं माझी बाजू घेतली. पहिलं वर्ष एक शिंक नाही. दुसरं वर्ष, सकाळी बागेत पळते म्हणून व्हिडिओ पाठवायची. गाजरगवत नाही, जालना रोडची धूळ नाही, दिवाळीचा धूर नाही. मी सगळीकडं सांगत सुटलो, म्हणजे मनातल्या मनात, कारण सांगायला आधी रोग कबूल करावा लागतो. हवापालट! आपल्याकडं म्हातारी माणसं म्हणायची ते खरं निघालं. पंप ती निघतानाच इथं ठेवून गेली होती, माझ्या पुस्तकांच्या कपाटात. फोनवर मी तिला म्हणालो, "बघ, रोगच गेला. मग लपवलं काय आपण? आता हा विषय कधी काढायचाच नाही." ती "बरं बाबा" म्हणाली.

हे तिसरं वर्ष. तिकडं आत्ता वसंत संपत आलाय. महिन्यापूर्वी तिचे डोळे खाजायला लागले, मग नाक. पंधरा दिवसांपूर्वी फोनवर म्हणाली, "बाबा, आज मी भाजीला..." आणि थांबली. "...गेले होते." त्या वाक्यात तिथं थांबायला कुठलीही जागा नव्हती. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी त्या थांबण्यावर लहानाचा मोठा झालोय.

दुसऱ्या दिवशी शहागंजात गेलो. डॉक्टरसाहेब ऐंशीच्या पुढं गेलेत, दवाखाना बंद केलाय, ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तरसाब, नवा मुलुक दो साल मेहमान के जैसा रखता. इधर का दुश्मन उधर नहीं, तो सीना खुश. मगर उतने में उधर का घास सीने से पहचान कर लेता. तीसरे साल घरवाला समझ के गला पकड़ता." मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकल्यापासून मी रोज मेलबर्नचं हवामान बघतो. त्या शहराच्या उत्तरेला मैलोगणती कुरणं आहेत. या दिवसांत त्यांचे पराग गरम वाऱ्यावर शहरात येतात. नुसते आले तर नाकाशी अडतात. पण वर वादळी ढग आला की ओलाव्यानं फुगून ते फुटतात, आणि तो भुगा छातीत खोल उतरतो. आपल्याकडं पाऊस धूळ बसवतो, अण्णा. तिथं पाऊस ती दळतो. आणि आपल्याकडून तिकडं गेलेल्यांना हा त्रास जास्त होताना दिसतो म्हणे.

"पंप उसके हाथ में होना," डॉक्टरसाहेब म्हणाले. "और उसके मियाँ को मालूम होना. दूसरी दवा पहली से बड़ी है. मालूम है ना उसको?"

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तुमच्या ओट्यावर हल्ली ऊन फार येतं."



लेकीला फोन केला. तिनं पंप घेतला होता, तिकडं औषधाच्या दुकानात सहज मिळतो. कुठं ठेवलाय विचारलं तर म्हणाली, "ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये."

"आणि घरी?"

"घरी कशाला? त्यानं बघितला म्हणजे?"

"बघू दे की. सांग, दमा आहे."

"कधीपासून, असं विचारेल ना तो. मग काय सांगू? बाबा, तो मित्रांना काय सांगत असतो माहितीये? माझे सासरे म्हणजे एक शब्द इकडचा तिकडं नाही. आणि मी तुम्हाला खोटं पाडू?" ती हसली, आणि हसण्याच्या शेवटाला खोकला आला. "तुम्हीच म्हणालात ना, विषय काढायचा नाही. मी काढलाय का कधी?"

तिथं एक शब्द पुरला असता, 'काढ'. तेवढा शब्द माझ्याजवळ नव्हता. अमरकोश पाठ असलेला मी तिला म्हणालो, "बरं, वाफ घेत जा."

आता आजचं सांगतो. तासाभरापूर्वी जावयाचा फोन आला. रविवारी न चुकता करतो, मुलगा गुणी आहे. तिकडं दुपारचे साडेतीन. म्हणाला, "बाबा, आज नुसत्या गरम झळा आहेत. संध्याकाळी विजांचा पाऊस सांगितलाय, तेवढाच गारवा. आम्ही एका मित्राकडं निघालोय, गावाबाहेर उत्तरेला. मोठ्ठं कुरण आहे त्याचं. हिला जरा सर्दी झालीय, मोकळ्या हवेत बरं वाटेल."

मोकळ्या हवेत. त्याच्यामागून लेकीचा आवाज आला, "काय म्हणतायत बाबा?" माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. व्याही, विहीणबाई, ते हसणं, ते पोरगं माझ्याकडं जसं बघतं ते, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

मी म्हणालो, "छत्री घेतली का?"

छत्री म्हणालो, अण्णा.

तो हसून म्हणाला, "घेतो, घेतो." फोन ठेवला. आणि मी कागद ओढून तुम्हाला लिहायला बसलो, बेलची तक्रार घेऊन.

तुमचा शेवटचा दिवस मी कधी कुणाला नीट सांगितला नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो. शाळेतून शिपाई सायकलवर धावत आला. मी पोचलो तेव्हा स्टाफरूममध्ये दोन बाकं जोडून त्यावर तुम्हाला आडवं निजवलेलं होतं. कुणी पंख्यानं वारा घालत होतं, कुणी तोंडात पाणी घालू बघत होतं, कुणी पाय दाबून धरले होते. सगळी जीव लावणारी माणसं. हेडमास्तर मला म्हणाले, "अरे, उठून बसायला बघत होते, आम्ही म्हटलं पडून राहा, विश्रांती घ्या." धाप लागलेल्या माणसाला आडवं निजवायचं नसतं, हे आपल्या घरात लहान पोरालाही माहीत होतं. मी पोचेपर्यंत त्या खोलीत ते माहीत असलेले तुम्ही एकटेच होतात, आणि तुम्हाला बोलता येत नव्हतं. चोवीस वर्षं त्यांच्यात काढून तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. मी आजवर त्यांना दोष दिला. तुम्हाला दिला नाही, कारण मग मलाही द्यावा लागला असता.

इथवर लिहिलं आणि लेखणी खाली ठेवली. जावयाला फोन लावला. लागत नाही. लेकीला लावला. लागत नाही. गावाबाहेर रेंज नसेल. मग मेसेज लिहिला. त्यात एकही विनोद नाही: "तिला लहानपणापासून दमा आहे. मी तुमच्यापासून लपवलं, तिनं नाही. पंप ऑफिसात आहे, वाटेत दुकानातून नवा घ्या. पाऊस येण्याआधी घरात जा, खिडक्या बंद ठेवा. धाप लागली तर निजवू नका, बसवा, पंप द्या आणि अँब्युलन्स बोलवा." पाठवून वीस मिनिटं झाली. एकच टिक दिसते आहे. तिकडं पाच वाजून गेलेत.

हे पत्र कुठं पोचवायचं ते मला ठाऊक नाही, तेव्हा ते इथंच राहील. जावयाच्या नजरेतून उतरेन या भीतीनं मी एक तास घालवला, हे कबूल करतो. ती भीती आता उरली नाही. आता वाटते ती एवढीच: तिकडं तिला धाप लागली, तरी ती नवऱ्याला सर्दीच सांगेल. मी बजावलेलं तिनं आजवर एकदाही मोडलेलं नाही.